पक्षाघातानंतर गाडी चालवणाऱ्यांचे लक्षही तपासा : पुण्याच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
प्रादेशिक परिवहन अधिकारी, पुणे
आणि लायसन्ससाठी नमुना १-अ वर (वैद्यकीय प्रमाणपत्रावर) सही करणारे पुणे व पिंपरी-चिंचवडमधील सर्व डॉक्टर

स. न. वि. वि.

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला माणूस पुन्हा गाडी चालवू शकेल का, हे ठरवताना आज त्याचे हात, पाय आणि डोळे पाहिले जातात. हाताची पकड परत आली, पायाचा जोर ब्रेकला पुरला, चष्मा लावून नंबरप्लेट वाचता आली, की तो पात्र ठरतो. हे सगळे ठीक असूनही रस्त्याची डावी बाजू ज्याच्या ध्यानातच येत नाही असा माणूस या तपासणीतून सहज पार होतो. त्याला डावीकडचे दिसत नाही असे नाही. त्याच्या मेंदूचे लक्ष तिकडे जात नाही. मेंदूला इजा झालेल्या चालकाचे लक्ष तपासले जावे, एवढ्यासाठी हे पत्र आहे. तपासणीला दहा मिनिटे, कागद आणि पेन्सिल पुरते, आणि ती मागण्याची जागा आजच्या कायद्यातही आहे.

नमुना १-अ डॉक्टरांना काय विचारतो? चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, ऐकू कितपत येते, एखादा अवयव गमावला आहे का किंवा त्यात व्यंग आहे का. ती पाटी समोर असते, स्थिर असते, एकटी असते आणि वाचायला हवा तेवढा वेळ मिळतो. रस्त्यावर यातले काहीच नसते. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. म्हणजे तेच २५ मीटर सव्वादोन सेकंदांत संपतात. नळ स्टॉपजवळ तेवढ्या वेळात डावीकडून एक दुचाकी पुढे घुसते, कडेला उभ्या मोटारीचे दार उघडते आणि थांब्यावर बसमधून माणसे उतरतात. या तिन्हींपैकी आधी कशाकडे पाहायचे, हे डोळा ठरवत नाही.

हे कसे घडते ते नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याला बारीक तपशील दिसतो तो नजरेच्या मध्यावरच्या सुमारे २ अंशांत. हात लांब करून अंगठा उभा धरला तर त्याच्या रुंदीएवढीच ही जागा. बाकी सगळे अंधुक दिसते, कडेला हालचाल आणि ढोबळ आकार तेवढे कळतात. म्हणून डोळे सेकंदाला साधारण तीन वेळा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी घेतात, आणि उडी चालू असताना मेंदू दृश्य दाबून ठेवतो. पुढची उडी कुठे घ्यायची ते लक्ष ठरवते. नजर पोचण्याच्या क्षणभर आधी लक्ष तिथे पोचलेले असते. ज्या जागेवर लक्षाची खूणच पडत नाही तिथे नजर जात नाही, मग डोळा ६/६ असला तरी उपयोग नाही.

मेंदूत यासाठी दोन जाळी काम करतात. एक आपण ठरवून शोधतो तेव्हा चालते : सिग्नल कुठे आहे, वळायचे कुठे आहे. ते पार्श्वखंडाचा (मेंदूच्या वर-मागच्या भागाचा) वरचा भाग आणि कपाळामागचे नजर हलवणारे क्षेत्र यांच्यात पसरलेले असते. दुसरे अनपेक्षित गोष्टीकडे आपल्याला ओढून नेते : गल्लीतून धावत आलेले मूल, एकाएकी थांबलेली रिक्षा. हे दुसरे जाळे मुख्यत्वे मेंदूच्या उजव्या अर्ध्यात, कानाच्या वर-मागे, शंखखंड (कानाजवळचा मेंदूचा भाग) आणि पार्श्वखंड जुळतात तिथे आहे. उजव्या बाजूची मधली मेंदू-रोहिणी (मेंदूला रक्त पुरवणारी धमनी) तुंबली की नेमका हाच भाग सापडतो.

निरोगी माणसाचे लक्षही अपुरे पडते, हे सर्वज्ञात आहे. १९९९ मध्ये हार्वर्डमध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर चॅब्रिस यांनी लोकांना चेंडूचे पास मोजायला लावले, तेव्हा पडद्याच्या मधोमध आलेला गोरिलाच्या वेशातला माणूस निम्म्याजणांना दिसलाच नाही. डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की हँड्सफ्री फोनवर बोलणारे चालक रस्त्याकडेच्या फलकावर नजर रोखूनही तो नंतर ओळखत नाहीत. पण निरोगी माणसाची चूक क्षणापुरती असते आणि कोणत्याही बाजूला होऊ शकते. पक्षाघातानंतरची चूक तशी नसते. ती रोज, प्रत्येक चौकात, त्याच एका बाजूला होते.

डॉक्टर याला नेग्लेक्ट म्हणतात. बहुतेक वेळा ते डाव्या बाजूचे असते. सर्वाधिक मानले जाणारे स्पष्टीकरण असे : मेंदूचा डावा अर्धा केवळ उजव्या बाजूकडे लक्ष पुरवतो, तर उजवा अर्धा दोन्ही बाजूंकडे. डाव्या अर्ध्याला इजा झाली तर उजवा भरून काढतो. उजव्याला झाली तर डावीकडे पाहणारे कोणी उरत नाही. उजव्या बाजूचे नेग्लेक्टही आढळते, पण सहसा सौम्य आणि लवकर ओसरणारे.

आपल्या देशात वाहने डावीकडून चालतात, म्हणून हे आणखी गंभीर आहे. चालक उजवीकडे बसतो. गाडीची डावी बाजू त्याच्यापासून लांब असते आणि तिचा काही भाग काचेच्या खांबाआड जातो. पादचारी, सायकली, थांब्यावरचे प्रवासी, कडेला लावलेल्या गाड्या, डावीकडून पुढे काढणारे दुचाकीस्वार हे सगळे त्याच बाजूला. सातारा रस्त्यावर स्वारगेट ते कात्रज बीआरटीचे थांबे रस्त्याच्या मध्ये आहेत, त्यामुळे माणसे डाव्या फुटपाथवरून उतरून गाडीपुढून पलीकडे जातात. नेग्लेक्ट असलेल्या चालकाला ती माणसे गाडीच्या मध्यरेषेपाशी पोचल्यावर कळतील. तोवर उशीर झालेला असतो.

घरच्यांना हा दोष रुग्णालयातून घरी आल्यावर जाणवतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. आपल्या पद्धतीने वाढलेल्या ताटात डावीकडची चटणी, कोशिंबीर, लिंबू तसेच राहते; घरचे समजतात तोंडाला चव नाही. ताट फिरवून ठेवून पाहा. कोशिंबीर उजवीकडे आली की ती संपते आणि भाजी उरते. दाढी अर्धीच होते, केस एकाच बाजूचे विंचरले जातात, डाव्या पायात चप्पल न घालताच माणूस निघतो, दारातून जाताना डावा खांदा चौकटीला आपटतो. वर्तमानपत्राची ओळ मधूनच वाचायला सुरुवात होते आणि मजकूर जुळत नाही म्हणून पेपर बाजूला ठेवला जातो. यातल्या दोन-तीन गोष्टी दिसत असतील तर गाडीची किल्ली काढून ठेवा आणि थेरपिस्टकडे न्या. झटक्यानंतर गाडी चालवायला सुरुवात झालेलीच असेल तर डावा आरसा आणि डाव्या बाजूचे दरवाजे पाहा. तिथे नवे ओरखडे उठत असतील तर तीही खूणच आहे.

हा दोष डोळ्याचा नाही याचा सर्वांत स्पष्ट पुरावा १९७८ मध्ये मिलानमध्ये मिळाला. एदोआर्दो बिझियाक आणि क्लाउदिओ लुझ्झाती यांनी रुग्णांना शहरातला कॅथेड्रलसमोरचा चौक मनात आणून वर्णन करायला सांगितले. एका टोकाला उभे आहोत असे कल्पून त्यांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग विरुद्ध टोकाला उभे राहण्याची कल्पना करायला सांगितल्यावर त्यांनी आधी गाळलेल्या इमारती सांगितल्या आणि आधी सांगितलेल्या गाळल्या. पुण्यात हे लक्ष्मी रस्त्यावर करता येते. कुंटे चौकात उभे आहात, तोंड अलका टॉकीजकडे आहे, दोन्ही बाजूंची दुकाने सांगा. मग तोंड बेलबाग चौकाकडे करून मागे वळल्याप्रमाणे पुन्हा तेच विचारा. ज्याचा लक्ष्मी रस्ता पाठ आहे त्याच्याकडून डावी बाजू कोरी राहिली, तर नेग्लेक्टचा संशय धरून पुढची तपासणी करावी. पण उलट धरू नये : काही रुग्णांना कल्पनेत दोन्ही बाजू आठवतात आणि रस्त्यावर मात्र डावी सुटते.

अर्धदृष्टी हा वेगळा आजार आहे आणि दोन्हींची गल्लत फार होते. अर्धदृष्टीत दृष्टिक्षेत्राचा अर्धा भाग खरोखरच जातो. पण बहुतेकांना ते उमगते आणि ते मान वळवून पाहायला शिकतात. नेग्लेक्टमध्ये आपले काही सुटते आहे हेच माणसाला माहीत नसते. नमुना १ हे स्वयंघोषणापत्र आहे. आपल्या वाहन चालवण्याने लोकांना धोका होईल असा काही आजार आहे का, असा प्रश्न त्यात आहे. नेग्लेक्टचा रुग्ण तिथे ‘नाही’ लिहितो आणि ते प्रामाणिकपणे लिहितो. म्हणून या आजारात स्वयंघोषणेवर विसंबता येत नाही.

आता तपासणी. क्रम महत्त्वाचा आहे, कारण सोप्या चाचणीत पास झालेला माणूस कठीण चाचणीत नापास होतो आणि रस्ता कठीण चाचणीसारखा असतो.

आधी रेघ. ए-फोर कागद आडवा ठेवून त्यावर २० सेंटिमीटरची आडवी रेघ काढा. कागदाचा मध्य रुग्णाच्या छातीच्या मध्यासमोर असावा. रेघेच्या बरोबर मध्यावर खूण करायला सांगा. अशा तीन रेघा. निरोगी माणूस काही मिलिमीटर इकडेतिकडे होतो, बहुधा किंचित डावीकडे. खूण सेंटिमीटरभर किंवा त्याहून जास्त उजवीकडे वारंवार पडली तर पुढे जायलाच हवे. रुग्ण कागद उजवीकडे सरकवतो तो सरकवू देऊ नका, आणि रेघेच्या डाव्या टोकाला बोट लावून दाखवू नका. बोट लावले की लक्ष तिकडे जाते आणि चाचणी वाया जाते.

मग खुणा शोधणे. तारे खोडण्याची चाचणी जगभर वापरात आहे : मोठे तारे, अक्षरे आणि शब्द यांच्या गर्दीत विखुरलेले ५४ लहान तारे खोडायचे. ४४ पेक्षा कमी सापडले तर नेग्लेक्ट धरले जाते. आकड्यापेक्षा सुटलेले तारे कोणत्या बाजूला आहेत हे पाहा. आणि शोध कुठून सुरू झाला तेही लिहून ठेवा. मराठी वाचणारा माणूस कागदावर डावीकडे वरून सुरू करतो. उजवीकडून सुरुवात करणारा, सगळे तारे शोधले तरी, अजून पूर्ण सावरलेला नसू शकतो. मूळ कागदावरची अक्षरे रोमन आहेत; ज्यांना ती वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी घंटांची चाचणी घ्या. तिच्यात निव्वळ चित्रे आहेत : ३५ घंटा आणि भोवती इतर वस्तू.

त्यानंतर दोन बोटांची चाचणी. आम्हाला ती सर्वांत मोलाची वाटते आणि ती घाईत गाळली जाते. रुग्णासमोर हातभर अंतरावर बसा, त्याला तुमच्या नाकाकडे पाहत राहायला सांगा. दोन्ही हात बाजूंना पसरून कधी एक बोट हलवा, कधी दुसरे, कधी दोन्ही एकदम. क्रम मनमानी ठेवा आणि प्रत्येक प्रकार निदान आठ-दहा वेळा करा. डावे एकटे बोट दिसते पण दोन्ही हलल्यावर रुग्ण उजवेच सांगतो, तर डाव्या बाजूचे लक्ष स्पर्धा आली की हरते आहे. रिकाम्या रस्त्यावर हा माणूस नीट चालवेल, संध्याकाळी सातला अलका चौकात नाही. डावे एकटे बोटही दिसत नसेल तर नेत्रतज्ज्ञांकडून दृष्टिक्षेत्राची मशीनवरची तपासणी करून घ्या.

शेवटी हीच बोटांची चाचणी रुग्णाला १०० पासून तीन-तीन वजा करत मोठ्याने मोजायला लावून पुन्हा घ्या. शांत खोलीत, सगळी शक्ती एका कामावर लावून, बरेच रुग्ण आपली उणीव झाकू शकतात. डोक्याला दुसरे काम दिले की ती उघडी पडते. वेळ शक्यतो दुपारची, थकव्यानंतरची निवडा.

कागदावरच्या चाचण्या सौम्य दोष पकडत नाहीत, म्हणून रोजच्या वागण्यावर आधारलेली कॅथरीन बर्जेगो मोजपट्टी जोडीला घ्यावी. तिच्यात जेवण, कपडे, दाढी, चालताना आपटणे अशा १० बाबींना प्रत्येकी ० ते ३ गुण असतात, एकूण ३०. थेरपिस्टने दिलेले गुण आणि रुग्णाने स्वतःला दिलेले गुण यांतला फरक म्हणजे त्याला आपल्या दोषाची किती जाणीव आहे याचे माप. गाडीच्या बाबतीत हा फरक एकूण गुणांइतकाच महत्त्वाचा मानावा.

नंबरप्लेटच्या चाचणीतही एक छिद्र आहे. नेग्लेक्टमध्ये शब्दाचे डावे टोक सुटते आणि रुग्ण ते अंदाजाने भरतो. इथे जवळजवळ प्रत्येक पाटी ‘एमएच १२’ किंवा ‘एमएच १४’ ने सुरू होते. डावा भाग न पाहताही बरोबर सांगता येतो. म्हणून वाचायला द्यायची पाटी परराज्यातली असावी, किंवा तक्त्यावर मनास येतील तशी अक्षरे लिहावीत.

सुधारणा होते, आणि तीही लक्षणीय. सर्वाधिक वेगाने पहिल्या तीन महिन्यांत. ओळीच्या डाव्या टोकाला जाड लाल रेघ काढून ती दिसेपर्यंत नजर न्यायची सवय लावतात. डावा हात थोडाही हलत असेल तर तो डाव्या बाजूलाच हलवत ठेवायला सांगतात. १९९८ मध्ये इव्ह रोसेत्ती यांनी वर्णन केलेल्या पद्धतीत दृश्य १० अंश उजवीकडे सरकवणारा प्रिझमचा चष्मा घालून समोरच्या खुणेकडे वारंवार बोट दाखवायचे असते. चष्मा काढल्यावर हात आणि लक्ष काही काळ डावीकडे झुकते. टेबलावर सुधारलेला माणूस रस्त्यावर सुधारला असे मात्र समजू नये. आणि दोन्ही पार्श्वखंडांना इजा होऊन एका वेळी एकच वस्तू दिसणारा, १९०९ मध्ये बुडापेस्टच्या रेझ्यो बालिंट यांनी नोंदवलेला विकार ज्यांना आहे, त्यांनी गाडी चालवू नये, त्यात चर्चेला वाव नाही.

आता आपल्या अखत्यारीतले. नमुने केंद्राच्या नियमांतले आहेत, ते पुण्यात बदलता येणार नाहीत हे आम्ही जाणतो. पण नमुना १-अ च्या शेवटी डॉक्टर आपल्या मते अर्जदार पात्र की अपात्र हे लिहून देतात. त्या मतात लक्षाची तपासणी धरावी, एवढे मार्गदर्शक पत्रक आपल्या कार्यालयाला काढता येईल. त्यात तीन प्रश्न असावेत : कधी पक्षाघात, मेंदूची शस्त्रक्रिया किंवा डोक्याला गंभीर मार झाला का, झाला असल्यास दोन बोटांची आणि खुणा शोधण्याची चाचणी झाली का, घरच्या माणसाला विचारले का. तिसरा प्रश्न गाळू नये.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम १६ आपल्याला आणखी अधिकार देते. आजारामुळे एखादा लायसन्सधारक वाहन चालवण्यास अयोग्य आहे असे मानायला सबळ कारण असेल तर लायसन्स चालू ठेवण्याची अट म्हणून त्याच्याकडून केव्हाही वैद्यकीय प्रमाणपत्र मागता येते. याची गरज मुदतींमुळे आहे. वयाच्या ४९ व्या वर्षी नूतनीकरण केलेले खासगी लायसन्स १० वर्षे चालते. ५२ व्या वर्षी झटका आला तर पुढची सात वर्षे त्या माणसासमोर कोणताही फॉर्म येत नाही. रिक्षा, टॅक्सी आणि बसचालकांचे लायसन्स पाच वर्षांचे असले तरी पाच वर्षेही थोडी नाहीत. ब्रिटनमध्ये झटक्यानंतर मोटारीसाठी किमान १ महिना आणि बस-ट्रकसाठी १ वर्ष वाहन चालवण्यास मनाई आहे. आपल्याकडे तशी मुदत नाही, आणि गिअर नसलेली दुचाकी तर एक हात बरा झाला की लगेच बाहेर काढली जाते.

कलम १६ शिक्षेसारखे वापरले गेले तर लोक आजार लपवतील. ज्या रिक्षाचालकाचे घर त्या बॅजवर चालते तो लपवणारच, आणि त्याला दोष देता येणार नाही. म्हणून स्वतःहून कळवणाऱ्याचे लायसन्स रद्द न करता, तीन आणि सहा महिन्यांनी फेरतपासणीची तारीख त्याच वेळी लिहून द्यावी. नूतनीकरणाच्या रांगेत त्याला पुन्हा पहिल्यापासून उभे करू नये.

ट्रॅकवरच्या चाचणीत आज आठचा आकडा, चढ आणि मागे घेणे पाहतात. फेरतपासणीसाठी ट्रॅकच्या दोन्ही कडांना सहा-सहा आकड्यांच्या पाट्या विषम अंतरावर लावा, काही ठिकाणी समोरासमोर, आणि चालकाला गाडी न थांबवता दिसेल तो आकडा मोठ्याने म्हणायला सांगा. बारा पाट्यांचा खर्च नगण्य आहे. उजवीकडच्या सगळ्या आणि डावीकडच्या निम्म्याच वाचल्या, तर उत्तर तिथेच मिळते. दर वेळी आकडे बदलावेत, नाहीतर ते पाठ होतात.

डॉक्टरांना विनंती अशी की पक्षाघाताच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली एक ओळ लिहा : ‘लक्षाची तपासणी होईपर्यंत दुचाकी, चारचाकी चालवू नये’. तपासणीची तारीख त्याच ओळीत टाका. तोंडी सूचना त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही.

पत्रकाचा मसुदा, मराठी सूचनांसह तपासणीचे दोन पानी कागद आणि ट्रॅकवरच्या पाट्यांचा आराखडा आम्ही विनामूल्य तयार करून देऊ. डॉक्टरांना आणि मोटार वाहन निरीक्षकांना दोन बोटांची चाचणी प्रत्यक्ष शिकवायला एक दुपार पुरेल. ती दुपार आपण ठरवावी.

कळावे,
मेंदूविकार पुनर्वसनाचे काम करणारे पुण्यातील ऑक्युपेशनल थेरपिस्ट, फिजिओथेरपिस्ट आणि ऑप्टोमेट्रिस्ट